व्हिटॅमिन सी, उंदीर आणि कॅन्सर: या चुका टाळा

"सी दिलं आणि उंदरांच्या गाठी कमी झाल्या!" असं कुणी धावत सांगायला आलं की मी आधी वजनाची वही मागतो. आलेख नंतर. नव्या मंडळींना हा खडूसपणा वाटतो. वाटू दे.

हा खडूसपणा मी तोंडावर आपटून शिकलोय. आम्ही पिण्याच्या पाण्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजेच सी, विरघळवून देत होतो. काही महिन्यांनी सीच्या गटात गाठी खरंच कमी दिसल्या आणि मी पोस्टर करायला बसलो. प्राणिगृहातले मामा सहज म्हणाले, "सर, त्या रांगेतल्या बाटल्या संपतच नाहीत बघा." पाणी आंबट, उंदीर ते पीत नव्हते. पाणी घटलं की खाणंही घटतं. वजनं आठवड्यामागून आठवडा उतरत होती, वहीत तसं लिहिलेलंही होतं. वही उघडली मात्र कुणी नव्हती. कमी खाणाऱ्या उंदरांत गाठी कमी होतात, हे निदान १९४० च्या दशकापासून माहीत आहे. व्हिटॅमिनच्या नावाखाली आम्ही उपासमारीचा प्रयोग केला होता. वर बाटलीतलं चार दिवसांचं पाणी तपासलं, तर सी जेमतेम उरलेलं. उजेड, हवा आणि पाण्यातला तांब्या-लोखंडाचा अंश त्याची वाट लावतात. पोस्टर गेलं कचऱ्यात.

तेव्हापासून बाटली रोज ताजी, गडद रंगाची, आणि देताना-काढताना वजन करून. शिवाय एक जास्तीचा कंट्रोल गट, म्हणजे सी न मिळणारा, तुलनेसाठीचा: सीच्या गटानं काल जेवढं खाल्लं, तेवढंच त्याला आज द्यायचं. काम वाढतं. कंटाळा येत असेल तर हा विषय घेऊ नका.

आंबटपणावर घाईतल्या लोकांचा शॉर्टकट ठरलेला: "मग सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे सीचा सोडियम क्षार घालू, सी ते सीच." नाही हो! मूत्राशयाच्या कॅन्सरची सुरुवात आधीच करून दिलेल्या रॅटना (मोठ्या जातीच्या उंदरांना) खाद्यातून ५ टक्के सोडियम ॲस्कॉर्बेट दिलं, तर गाठी वाढल्या. नुसत्या ॲस्कॉर्बिक ॲसिडनं तसं झालं नाही, पण जोडीला सोडियम बायकार्बोनेट दिल्यावर झालं. लघवीचा पीएच आणि तिच्यातलं सोडियम वाढतं, खोड तिथे आहे. सीचा हा सोडियम क्षार वापरायचाच असेल तर तेवढंच सोडियम मिळणारा गट शेजारी ठेवा.

आता प्राण्याची निवड. उंदीर आणि रॅट आपलं सी स्वतःच्या यकृतात बनवतात. माणूस आणि गिनीपिग यांना ते जमत नाही, कारण शेवटच्या पायरीचं एन्झाइम, एल-गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज, त्यांच्यात चालत नाही. साध्या उंदराला सी पाजून माणसाबद्दल बोलायला लागलात, तर पहिलाच परीक्षक तुम्हाला उभं करेल. या एन्झाइमचं गुलो जनुक बंद केलेले उंदीर किंवा जन्मतःच सी न बनवणारे ओडीएस रॅट घ्या. गिनीपिगही चालेल, पण त्याच्या कंट्रोल गटाचं सी शून्यावर नेऊ नका. दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्ही, सुजलेले सांधे, आणि पुन्हा तेच घसरतं वजन.

नायट्राइटचा घोळ वेगळाच. नायट्राइट आणि अमाइन यांच्याबरोबर सी दिलं तर पोटात त्या दोघांपासून नायट्रोसामाइन हे कॅन्सरकारक रसायन तयार व्हायलाच अटकाव होतो. ही रसायनक्रिया १९७२ पासून नोंदलेली आहे. तयार नायट्रोसामाइन पाजलंत तर हा अटकाव कामाचा नाही. दोन्ही प्रयोगांना "कॅन्सर रोखला का?" हाच प्रश्न लावणारे प्रबंध मी वाचलेत.

गाठ आधी रुजवून मग सी सुरू केलंत, तर तो प्रतिबंध नव्हे, उपचार.

एका पिंजऱ्यात पाच उंदीर एकाच बाटलीतून पितात, तेव्हा डोस पिंजऱ्याचा असतो. पाच वेगळे आकडे मांडू नका.

आणि रक्ताचा नमुना टेबलावर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका, त्यातलं सी तेवढ्यात नासतं. माझ्याकडे सी टिकवणारं मेटाफॉस्फोरिक ॲसिड घातलेल्या नळ्या बर्फात आधी मांडल्या जातात, सुई त्यानंतर बाहेर निघते.