रेडमाइनमध्ये प्लगइन टाकण्याआधी, टाकताना आणि काढताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी आयटी सांभाळतो. फर्नेसच्या दुरुस्तीपासून पॅटर्न शॉपच्या तक्रारींपर्यंत सगळं आमच्याकडे रेडमाइनवर नोंदवलं जातं. रेडमाइन म्हणजे रुबी ऑन रेल्सवर (रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर, थोडक्यात रेल्स) उभं असलेलं, २००६ पासून चालत आलेलं, फुकट मिळणारं टिकेटांचं सॉफ्टवेअर. मूळ रेडमाइन दणकट आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुणाला चेकलिस्ट पाहिजे, कुणाला रंगीत बोर्ड, अकाउंट्सवाल्यांना तासांचा हिशेब. मग प्लगइन्स, म्हणजे जादा सोयी देणारे जोड-तुकडे, येतात, आणि प्लगइन कधी एकटं येत नाही.

प्रत्येक प्लगइनची तीन नाती असतात: जेम्सशी (रुबीच्या तयार कोडच्या पुड्यांशी), दुसऱ्या प्लगइन्सशी आणि रेडमाइनच्या आतल्या कोडशी. पहिली दोन कुठे ना कुठे लिहिलेली असतात. तिसरं कुठेच लिहिलेलं नसतं, आणि रात्री साडेदहाला फोन येतो तो त्याच्यामुळेच. म्हणून पहिल्या दोघांचं पटापट सांगून तिसऱ्यावर जास्त बोलणार आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच द्यायच्या हे वेगळं सांगायला नको.

जेम्स

रेडमाइनच्या मुख्य जेमफाइलच्या, म्हणजे लागणाऱ्या जेम्सच्या यादीच्या, शेवटी काही ओळी आहेत. त्या प्लगइन्सच्या प्रत्येक फोल्डरात डोकावतात आणि तिथे जेमफाइल किंवा प्लगइनजेमफाइल सापडली की ती आपल्यात ओढून घेतात. तुम्ही पाच प्लगइन्स टाका की पंधरा, बंडलरच्या (जेम्स जुळवून बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी जेमफाइल एकच, लॉक फाइल (ठरलेल्या व्हर्जन्सची नोंद) एकच आणि प्रत्येक जेमचं व्हर्जनही एकच. इथे प्रत्येकाला आपापलं वेगळं व्हर्जन मिळत नाही.

त्यामुळे दोन प्लगइन्सनी एकच जेम वेगवेगळ्या अटींवर मागितलं की बंडलर तिथेच थांबतो. अटीचं चिन्ह नीट वाचायला शिका. ~> २.३ म्हणजे २.३ किंवा त्यावरचं, पण ३.० च्या खाली. ~> २.३.० म्हणजे २.४ च्या खाली. एका टिंबाने एवढा फरक पडतो, आणि अर्ध्याअधिक भांडणांचं मूळ हे टिंबच असतं. प्लगइन लिहिणाऱ्याने त्या दिवशी जे व्हर्जन दिसलं ते ठोकून दिलेलं असतं, मुद्दाम विचार करून फार क्वचित. ती अट सैल करा, ते जेम वापरणारा स्क्रीन उघडून पाहा, आणि चाललं तर बदल मूळ लेखकाला पाठवून द्या. पण हे सर्व्हरवर थेट फाइल उघडून करू नका. प्लगइनचा आपला फोर्क, म्हणजे कोडची स्वतःची वेगळी प्रत, ठेवा, त्यात वेगळी ब्रँच काढा आणि तिथे करा. नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी नवीन झिप उलगडतो आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते.

बंडलरच्या २.४ व्हर्जनपासून पबग्रब नावाचा नवा रिझॉल्व्हर (व्हर्जन्स जुळवून पाहणारा भाग) आला. त्याचा एरर लांबलचक असला तरी सरळ वाचता येतो: अमक्याला तमकं लागतं, तमक्याला हे चालत नाही, म्हणून जमत नाही. घाबरून गुगल करायच्या आधी तो एकदा शांतपणे वाचा. भांडणाऱ्या दोघांची नावं त्यातच असतात.

रेडमाइनच्या झिपमध्ये लॉक फाइल येत नाही. ती येऊही शकत नाही, कारण जेमफाइल तुमची डेटाबेसची कॉन्फिग फाइल वाचून मायएसक्यूएलचं जेम घ्यायचं की पोस्टग्रेसचं ते ठरवते, आणि प्लगइन्स तर प्रत्येकाची वेगळी. म्हणून टेस्ट मशीनवर तयार झालेली लॉक फाइल स्वतःच्या गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवा आणि सर्व्हरवर तीच न्या. तिथे बंडलरच्या कॉन्फिगमध्ये 'डिप्लॉयमेंट' ट्रू करून ठेवलं की इन्स्टॉल करताना लॉक फाइल बदलत नाही, जुळत नसेल तर सरळ नकार मिळतो. नकार मिळालेला बरा.

नुसतं 'बंडल अपडेट' कधीही देऊ नका. जेमचं नाव द्या आणि सोबत 'कन्झर्व्हेटिव्ह' हा पर्याय द्या, म्हणजे त्याच्या आसपासची जेम्स जागची हलणार नाहीत. आणि काय बदललं ते वाचा. जून २०१९ मध्ये स्ट्राँग-पासवर्ड नावाच्या छोट्याशा जेमचं ०.०.७ व्हर्जन रुबीजेम्स या जेम्सच्या भांडारावर आलं, पण मूळ कोड जिथे असतो त्या गिटहबवर त्याचा मागमूस नव्हता. एक डेव्हलपर अपडेट करताना एकेका जेममधले बदल वाचत होता म्हणून त्याच्या ते लक्षात आलं. आत काय होतं? अ‍ॅप प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या वापराच्या सर्व्हरवर) चालत असेल तरच जागा होणारा कोड, जो पेस्टबिन या मजकूर ठेवायच्या साइटवरून मजकूर आणून तुमच्या सर्व्हरवर चालवणार. टेस्ट मशीनवर तुम्हाला तो कधीच दिसला नसता.

लॉक फाइल असली म्हणजे सगळं सुखरूप, असंही समजू नका. मार्च २०२१ मध्ये माइममॅजिक या जेमची जुनी व्हर्जन्स लायसन्सच्या कारणावरून रुबीजेम्सवरून काढून टाकली गेली. रेल्सचं अ‍ॅक्टिव्ह स्टोरेज मार्सेल या जेमवर अवलंबून, मार्सेल माइममॅजिकवर. लॉक फाइलमध्ये व्हर्जन नीट लिहिलेलं, पण दुकानात मालच नाही, त्यामुळे नवीन इन्स्टॉल जगभर अडले. रेल्सवाल्यांनी ५.२.५, ६.०.३.६ आणि ६.१.३.१ काढून मार्ग मोकळा केला. यावर उपाय 'बंडल कॅश'. ही कमांड सगळ्या जेम फाइल्स व्हेंडर फोल्डरच्या कॅशमध्ये आणून ठेवते. जागा थोडी जाते, जाऊ दे.

एका प्लगइनला दुसरं लागतं तेव्हा

प्रत्येक प्लगइनच्या मुळाशी इनिट नावाची रुबी फाइल असते. टाकायच्या आधी ती उघडाच, पन्नासेक ओळींच्या वर ती सहसा जात नाही. तिच्यात दोन गोष्टी शोधायच्या. रेडमाइनचं कोणतं व्हर्जन लागतं, आणि दुसरं कोणतं प्लगइन लागतं.

व्हर्जनची अट बहुतेक वेळा 'अमुक किंवा त्यावरचं' अशी असते. खालची मर्यादा दिली, वरची नाही. रेडमाइन ३ च्या काळात लिहून सोडून दिलेलं प्लगइन रेडमाइन ६ वर ही परीक्षा आरामात पास होतं आणि मग पहिल्या क्लिकला कोसळतं. तेव्हा या ओळीवर विश्वास ठेवू नका. गिटहबवर शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) कधीचा, उघड्या इश्यूंमध्ये तुमच्या व्हर्जनबद्दल कोण काय म्हणतंय, आणि मूळ लेखक गप्प असेल तर कुणाचा फोर्क जिवंत आहे, हे बघा. तुमच्या स्वतःच्या फोर्कमध्ये मात्र खालची-वरची दोन्ही टोकं लिहा, रेडमाइन रेंज स्वीकारतं.

दुसऱ्या प्लगइनच्या अटीत गोम अशी की रेडमाइन प्लगइन्स फोल्डरच्या नावाच्या वर्णानुक्रमे लोड करतं. कुणाला कोण आधी पाहिजे याचा हिशेब ते करत बसत नाही. लोड होताना फक्त विचारतं, 'तो आला का?' नसेल तर एरर देऊन सगळं अ‍ॅप बंद. म्हणजे ज्याच्यावर अवलंबून आहोत त्याचं नाव एबीसीडीत नंतर येत असेल, तर फोल्डर समोर असूनही ते 'सापडत नाही'.

फोल्डरचं नाव बदलून टाकू, हा पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो. पण फोल्डरचं नाव आणि इनिटमधली आयडी एकच असावी लागते, मग आयडीही बदलावी लागते. आणि डेटाबेसमध्ये मायग्रेशनची (टेबल बनवणाऱ्या-बदलणाऱ्या पायरीची) नोंद आकडा, आडवी रेघ, प्लगइनची आयडी अशी असते. आयडी बदलली की रेडमाइनला वाटतं हे नवीनच पाहुणं आहे. ते पहिल्यापासून मायग्रेशन चालवायला जातं आणि 'हा टेबल आधीच आहे' म्हणून अडतं. सेटिंग्जही जुन्या आयडीखाली राहून जातात. तेव्हा नाव बदलायचंच असेल तर पहिल्यांदा टाकतानाच बदला. चालू सिस्टिममध्ये मी तरी त्या वाटेला जात नाही. त्यापेक्षा दोघांपैकी एक खरंच लागतं का ते मागणाऱ्या विभागाला विचारतो. अनुभव असा की निम्म्या वेळा नाही म्हणतात.

न लिहिलेलं नातं

रुबीत कुणाचाही क्लास (कोडचा एक गट) कुणीही उघडून त्यात आपली मेथड (त्या गटातलं एक काम) घालू शकतं. रेडमाइनची बहुतेक दमदार प्लगइन्स हेच करतात: इश्यूचा (म्हणजे टिकेटचा) मॉडेल, इश्यूज कंट्रोलर, क्वेरी, यांच्या पोटात हात घालतात. रेडमाइनने यासाठी हुक्स, म्हणजे आपला कोड अडकवायच्या ठरलेल्या जागा, दिलेले आहेत, पण ते सगळीकडे पुरत नाहीत.

हात घालायच्या पद्धती दोन. जुनी अलिअस-मेथडची: मूळ मेथडला दुसरं नाव द्यायचं आणि तिच्या नावावर स्वतः बसायचं. रेल्समध्ये त्यासाठी अलिअस-मेथड-चेन होती, ती ५.१ मध्ये काढून टाकली. रेडमाइन ४ हे डिसेंबर २०१८ मध्ये रेल्स ५.२ वर आलं तेव्हा कित्येक प्लगइन्स त्यामुळेच बसली. नवी पद्धत प्रिपेंडची: आपलं मॉड्यूल क्लासच्या पुढ्यात उभं करायचं आणि आत सुपर म्हणून मूळ मेथडला हाक मारायची.

दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. एकाच मेथडवर दोन्ही आल्या की घोळ. समजा एका प्लगइनने आधी प्रिपेंड केलं आणि नंतर लोड झालेल्या दुसऱ्याने अलिअस केलं. दुसऱ्याने 'मूळ' म्हणून जे जपून ठेवलं ते खरं मूळ नसतंच, पहिल्याचं प्रिपेंड केलेलं रूप असतं. ते रूप सुपर म्हणतं, सुपर दुसऱ्याकडे जातं, दुसरा 'मूळ'ला हाक मारतो, म्हणजे पुन्हा पहिल्याला. फिरत राहतात. लॉगमध्ये 'स्टॅक लेव्हल टू डीप' दिसतं. हाच क्रम उलटा असता, आधी अलिअस आणि मग प्रिपेंड, तर काहीच बिघडलं नसतं. क्रम कोण ठरवतं? वर्णानुक्रम! म्हणून त्याच दोन प्लगइन्सबद्दल एक जण म्हणतो मस्त चालतात आणि दुसरा म्हणतो अजिबात नाही. एकाने फोर्क वेगळ्या नावाने ठेवलेला असतो.

हे आधी कळायला एकच काम करायचं. प्लगइन्स फोल्डरात ग्रेप ही मजकूर शोधायची कमांड चालवून प्रिपेंड, अलिअस-मेथड आणि क्लास-इव्हॅल हे तीन शब्द शोधा. कोणतं प्लगइन कोणत्या क्लासच्या कोणत्या मेथडला हात लावतं ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. एकाच मेथडसमोर दोन नावं आली की दोघांचा कोड वाचा आणि अलिअसवालं प्लगइन तुमच्या फोर्कमध्ये प्रिपेंडवर आणा. बहुधा दहा-बारा ओळींचं काम असतं.

व्ह्यूजचं, म्हणजे पानांच्या साच्यांचं, याहून गुपचूप चालतं. प्लगइनच्या व्ह्यूज फोल्डरात रेडमाइनच्याच नावाची फाइल असेल, समजा इश्यूचं शो पान, तर मूळ पान अख्खं बाजूला पडतं. दोन प्लगइन्सनी तेच पान बदललं असेल तर शेवटी लोड झालेलं जिंकतं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. चेकलिस्ट कालपर्यंत दिसत होती आणि आज दिसत नाही, एवढंच. सगळ्या प्लगइन्सच्या व्ह्यू फाइल्सचे पाथ काढा, पुढचं प्लगइनचं नाव छाटा, सॉर्ट करून दोनदा आलेले बघा. तीच यादी रेडमाइनच्या स्वतःच्या व्ह्यूज फोल्डरशीही ताडून पाहा. जे जुळेल ते पुढच्या अपग्रेडला हाताने बघावं लागणार, कारण रेडमाइनने त्या पानात केलेली सुधारणा तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

अपग्रेड

सर्व्हरची हुबेहूब नक्कल घ्या, डेटाबेससकट. नकलेत प्लगइन्सचं फोल्डर रिकामं करून आधी नुसतं रेडमाइन वर न्या, मुख्य मायग्रेशन चालवा, चालू होतंय ते पाहा. मग एकेक प्लगइन परत आणा. प्रत्येक वेळी बंडल इन्स्टॉल, प्लगइनचं मायग्रेशन, रीस्टार्ट. कंटाळा येतो, पण कोण बिघडवतंय हे शोधायला नंतर जास्त वेळ जातो.

नक्कल प्रॉडक्शन मोडमध्येच चालवा. रेडमाइन ५ पासून कोड झाइटवर्क नावाचा लोडर लोड करतो आणि त्याला फाइलचं नाव आणि आतल्या क्लासचं नाव जुळलेलंच लागतं. डेव्हलपमेंट मोडमध्ये फाइल लागेल तेव्हाच उघडली जाते, त्यामुळे चूक लपून राहते. प्रॉडक्शनमध्ये सुरुवातीलाच सगळं उघडतं आणि तिथे आपटतं. रेडमाइन ५.१ वरून ६ वर जाताना तर रेल्स ६.१ वरून थेट ७.२ वर उडी आहे. त्या उडीसाठी एक अख्खा शनिवार राखून ठेवा.

काढताना

फोल्डर डिलीट करून सुरुवात करू नका. क्रम असा: त्या प्लगइनवर दुसरं कोण अवलंबून आहे ते इनिट फाइल्समध्ये शोधा आणि आधी त्या दुसऱ्याला काढा. काढायचं म्हणजे डेटाबेसचा बॅकअप घेऊन रेडमाइनच्या प्लगइन-मायग्रेटच्या रेक (रुबीचं कामं चालवायचं साधन) कमांडला प्लगइनचं नाव आणि व्हर्जन शून्य द्यायचं. त्याने त्या प्लगइनचे टेबल जातात, आतल्या डेटासकट, तेव्हा ज्यांचा डेटा आहे त्यांना आधी विचारा. मग फोल्डर हलवा, बंडल इन्स्टॉल करा, लॉक फाइल गिटमध्ये टाका, रीस्टार्ट करा.

उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे ज्याच्यावर दुसरं उभं आहे त्याचंच फोल्डर आधी उडवलंत, तर अ‍ॅप तर उठत नाहीच, रेकही चालत नाही. कारण रेक सुद्धा आधी सगळं रेडमाइन लोड करतं आणि त्याच एररवर थांबतं. तेव्हा उडवलेलं फोल्डर त्याच कमिटचं गिटमधून परत आणायचं, बंडल इन्स्टॉल करायचं आणि वरचा क्रम पहिल्यापासून धरायचा.