घड्याळाच्या किटला मोठे अंक लावताय? या चुका टाळा

किटमधला अर्ध्या इंचाचा डिस्प्ले काढायचा, चार इंची अंक लावायचे, झालं, असं समजून मुलं कामाला लागतात. लहान डिस्प्लेच्या एका सेगमेंटमध्ये (अंक बनवणाऱ्या सात पट्ट्यांपैकी एका पट्टीत) एकच लाल एलईडी असतो, तो २ व्होल्टच्या आसपास पेटतो. चार इंचीत बहुधा चार एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यांना ८ व्होल्ट हवेत. किटच्या ५ व्होल्टवर ते पेटणारच नाहीत. मग सगळे १२ व्होल्टकडे वळतात आणि घोळ तिथेच होतो.

गेल्या दिवाळीत एक मुलगा गावच्या अभ्यासिकेसाठी केलेलं घड्याळ घेऊन आला. चारही घरांत एकमेकांत मिसळलेले अंक, आणि मायक्रोकंट्रोलरला (घड्याळ चालवणाऱ्या चिपला) बोट लावलं तर चटका. त्याने अंक निवडणाऱ्या पीएनपी ट्रान्झिस्टरचे एमिटर (सप्लायकडचे पाय) ५ वरून काढून सरळ १२ व्होल्टला जोडले होते. पीएनपी बंद करायचा तर बेस (चिपच्या पिनला जोडलेला, चालू-बंद करणारा पाय) जवळजवळ एमिटरइतका वर न्यावा लागतो. पिन जाते ५ पर्यंत, एमिटरवर १२, म्हणजे ट्रान्झिस्टर कायम चालू. शिवाय बेसमधून करंट उलटा पिनमध्ये शिरतो. चिप गेली होती. तिच्यातला प्रोग्राम लॉक केलेला, त्यामुळे कोरी चिप आणून उपयोग नव्हता. पूर्ण किट पुन्हा घ्यावं लागलं. मुलाने साठवलेले पैसे होते ते, मला फार वाईट वाटलं. अर्धा तास सर्किट कागदावर काढलं असतं तर हे टळलं असतं.

मी जुने पीएनपी ५ व्होल्टवरच ठेवतो. त्यांच्या कलेक्टरवरून (तिसऱ्या, आउटपुटच्या पायावरून) ४.७ किलोओहममधून बीसी५४७ हा छोटा एनपीएन ट्रान्झिस्टर चालवतो, आणि तो १२ व्होल्टवरच्या बीडी१४० या जास्त करंट झेपणाऱ्या पीएनपीचा बेस ६८० ओहममधून खाली ओढतो. बीडी१४० च्या बेस-एमिटरमध्ये १ किलोओहम. प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. बीडी१४० च्या जागी बीसी५५७ हा छोटा पीएनपी वापरू नका. सात सेगमेंट मिळून ४०० मिलीअँपिअर होतात, त्याची मर्यादा १०० ची आहे.

सेगमेंटच्या बाजूला यूएलएन२००३ (सेगमेंट ग्राउंडकडे ओढणारी चिप) लावा, पण थेट नको. कॉमन ॲनोड किटमध्ये (जिथे एका अंकाच्या सगळ्या सेगमेंटची प्लस बाजू एकत्र असते) पिन खाली गेली की सेगमेंट पेटतो, यूएलएनला इनपुट वर लागतं. थेट जोडलंत तर ० च्या जागी आडवी रेघ येते आणि ८ गायब होतो. ‘डिस्प्ले खराब निघाला’ म्हणून लोक दुकानदाराशी भांडायला जातात! मधे ७४एचसी५४० ही सिग्नल उलटा करणारी चिप टाका. किटमध्ये एटी८९सी२०५१ हा मायक्रोकंट्रोलर असेल तर त्याच्या पी१.० आणि पी१.१ या पिनांना १० किलोओहमचे पुल-अप (पिन ५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर) आहेत का ते बघा, चिपच्या आत ते नसतात.

रेझिस्टर अंदाजाने नको. १२ मधून एलईडीचे ८, यूएलएनचा १ आणि ट्रान्झिस्टरचे ०.३ वजा केले की २.७ उरतात. ४७ ओहमला ५७ मिलीअँपिअर. चार अंक आळीपाळीने पेटतात, म्हणून सरासरी १४. एवढा पीक करंट चालतो का, हे डिस्प्लेच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) बघा.

टिंबात एलईडी कमी असतात, त्याला वेगळा, मोठा रेझिस्टर.

दोन्ही सप्लायचा ग्राउंड एकच करा.

डिस्प्लेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका.

आणि चारही अंक एकदम जोडू नका. मी एकच अंक लावतो, घड्याळ तासभर चालवतो, बीडी१४० ला बोट लावून बघतो, मगच दुसरा सोल्डर करतो.