इंग्रजीतले घोडे आणि त्यांचे दात

इंग्रजीतले प्राण्यांचे वाक्प्रचार सुटे पाठ करू नका, एकेका प्राण्याचा गोतावळा धरा. घोड्यापासून सुरुवात करा. वय वाढतं तशा घोड्याच्या हिरड्या मागे सरतात, दात लांब दिसू लागतात. म्हणून घोडा घेताना आधी त्याचा जबडा उघडून पाहायची रीत. एवढं कळलं की दोन वाक्प्रचार आपोआप सुटतात. ‘लाँग इन द टूथ’ म्हणजे वय झालेला (हे कुणाच्या तोंडावर म्हणू नये!). ‘डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’ म्हणजे फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नका. आपल्याकडे हेच ‘धर्माची गाय अन् दात का नाय’.

‘डार्क हॉर्स’ला मात्र बरेच जण फसतात. यात काळंबेरं काही नाही. ज्याची कुणी दखल घेतली नव्हती आणि जो अचानक बाजी मारतो, तो. 1844 साली अमेरिकेत जेम्स पोक यांचं नाव अध्यक्षपदासाठी फारसं चर्चेत नव्हतं. पक्षाची उमेदवारी त्यांना मतदानाच्या नवव्या फेरीत मिळाली आणि पुढे ते निवडूनही आले.

‘स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ’ म्हणजे थेट मूळ माणसाकडून कळलेली बातमी. ‘होल्ड युअर हॉर्सेस’ म्हणजे जरा दमानं घ्या. मित्राला चालेल, साहेबांच्या ईमेलला उत्तर देताना टाळा.