सांगलीतील छोट्या कार्यालयात दिव्यांग ग्राहक आणि कर्मचाऱ्यांसाठी सोयी कशा कराव्यात

पतसंस्थेत, दवाखान्यात किंवा मार्केट यार्डातल्या अडत दुकानात दिव्यांग व्यक्ती आली की बहुधा कोणीतरी धावत येऊन तिचा हात धरतो, खुर्ची देतो आणि तिचे काम स्वतःच उरकून टाकतो. त्यामागची माणुसकी खरी असते. परंतु सोबत कोणी नसताना ही व्यक्ती आत येऊन, आपले काम आपणच पुरे करून बाहेर पडू शकेल का, हे पाहिल्याशिवाय आपल्या सोयी कुठे तोकड्या पडतात ते कळत नाही.

म्हणून बांधकामाला हात लावण्यापूर्वी रस्त्यापासून टेबलापर्यंतची वाट चालून पाहावी, आणि तीही चाकाची खुर्ची वापरणारी, पांढरी काठी वापरणारी आणि ऑटिझम (स्वमग्नता) असलेली प्रौढ व्यक्ती यांना सोबत घेऊन. त्या जिथे थांबतात, चाचपडतात किंवा गोंधळतात, ती ठिकाणे लिहून घ्यावीत. या सल्ल्याचे मानधन द्यावे. चहावर भागवू नये.

यानंतर उतार, ज्याला सगळे रॅम्प म्हणतात. कृष्णाकाठी जोते उंच ठेवण्याची धडपड समजण्यासारखी आहे, कारण २०१९ आणि २०२१ चे पूर कोणीच विसरलेले नाही. मात्र जोते जितके उंच, तितका उतार लांब लागतो. प्रमाण १:१२ चे धरतात, म्हणजे दीड फूट जोत्यासाठी १८ फूट लांबीचा उतार हवा. पायऱ्यांवर टाकलेला पाच-सहा फुटांचा लोखंडी पत्रा दुचाकी चढवायला ठीक असेल, पण चाकाच्या खुर्चीसाठी तो धोक्याचाच. उताराला दोन्ही बाजूंना कठडा, वरच्या टोकाला खुर्ची वळवता येईल अशी सुमारे दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा आणि दाराला किमान ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी असावी. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसाळ्यात घसरतो. तिथे खरखरीत फरशीच बरी. दर्शनी बाजूला १८ फूट जागा नसेल, तर उतार भिंतीलगत वळवून घेता येतो किंवा बाजूचे दार वापरता येते. फक्त त्या दाराला कुलूप नसावे आणि तिकडे जाण्याची खूण रस्त्यावरूनच दिसावी.

आत आल्यावर अडचण बहुतेक वेळा माहितीची असते. रांगेतला क्रमांक पुकारावाही आणि फलकावर दाखवावाही, म्हणजे कर्णबधिर आणि दृष्टिहीन अशा दोघांनाही आपली पाळी कळते. बोलताना सोबतच्या नातेवाइकाकडे न पाहता ज्याचे काम आहे त्याच्याशी बोलावे. आपल्याकडे हमखास राहून जाणारी गोष्ट मात्र मराठी अर्जांची. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना आणि फोनना समजणारी अक्षरांची समान पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर स्क्रीन रीडरला, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला सूचनेचा फोटो त्याला बहुधा वाचताच येत नाही. तेव्हा अर्ज, व्याजदर आणि सूचना युनिकोडमध्ये टंकून मजकूर म्हणूनच पाठवाव्यात. याला जवळपास काहीच खर्च येत नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कायदा माहीत असावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू असून त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत येतात. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचे असते, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात पुरवलेल्या सोयींचा तपशील आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असावी लागते. एडीएचडीचा (लक्ष एकाग्र करण्यात आणि स्थिर राहण्यात अडचण येणारी अवस्था) त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. तरीही साध्या सोयीसाठी प्रमाणपत्र मागत बसू नये. अडचण ऐकावी आणि उपाय करून पाहावा.

ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या उमेदवाराच्या मुलाखतीत नजरेला नजर देऊन तो किती सफाईने बोलतो, यावरून त्याची पारख करणे मला चुकीचे वाटते. प्रश्न आदल्या दिवशी द्यावेत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घ्यावा. हिशेबनीस हवा असेल तर वही पुढे ठेवावी. पुढेही सूचना तोंडी न देता लिहून, एका वेळी एक आणि मुदतीसह द्याव्यात. बाहेर हळदीचे सौदे चालू असताना होणारा गलका इतरांच्या अंगवळणी पडलेला असतो, पण ज्याला प्रत्येक आवाज सारखाच टोचतो त्याचे हिशेब त्यात चुकतात. त्याचे टेबल दारापासून दूर भिंतीकडे न्यावे, कानावर आवाजरोधक लावू द्यावेत, फडफडणारी ट्यूब बदलावी. कामाची वेळ किंवा जागा बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. त्याच्या निदानाची चर्चा मात्र त्याच्या संमतीशिवाय कार्यालयात होऊ देऊ नये.

दर तीन महिन्यांनी वाट पुन्हा चालून पाहावी. उताराच्या तोंडाशी दुचाक्या लागतात, कठड्याला फलक टांगले जातात. गणेशोत्सवापूर्वी मंडळाच्या कार्यकर्त्यांना भेटून मांडवाचे खांब उतारासमोर येणार नाहीत, एवढे ठरवून घ्यावे.