हलत्या पानावरचा कीटक फोकसमध्ये कसा पकडायचा

मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठ्या आकारात काढलेल्या फोटोत फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम एखादा मिलिमीटर असते. वाऱ्याची झुळूक आली, की कोळी किंवा नाकतोडा धूसर होतो. ट्रायपॉडनेही भागत नाही, कारण हलतं ते पान.

१. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत देठ हलकेच धरा.
२. लेन्सचं टोक त्याच हाताच्या तळव्यावर टेकवा. आता पान आणि कॅमेरा एकत्रच हलतात. सगळी खुबी इथेच आहे.
३. ऑटोफोकस बंद. फोकस रिंगला हात न लावता, लेन्स तळव्यावर किंचित पुढेमागे सरकवत कीटकाचे डोळे स्पष्ट दिसतील तिथे तीन-चार फोटो सलग घ्या. एफ/८ ते एफ/११ अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) आणि कागद लावून मऊ केलेला फ्लॅश मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

सकाळी लवकर जा. गारव्यात कीटक सुस्त असतात, कधी अंगावर दवाचे थेंबही मिळतात.

देठ धरण्याआधी पानाची खालची बाजू नक्की बघा. केसाळ सुरवंटाला बोट लागलं तर चांगलीच आग होते. आणि कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवू नका, तो मरू शकतो.