रॅचेट पाना घेताय? बोल्ट खिशात घालून दुकानात जा

दुकानात नुसतं "रॅचेट द्या" म्हटलं की समोर अर्ध्या इंची चौकाचं गोटीचं, म्हणजे सॉकेटचं, हँडल येतं. इथला विषय तो नाही. एका टोकाला फिक्स पान्याचं तोंड आणि दुसऱ्या टोकाला कटकट करत फिरणारी रिंग, असा जो कॉम्बिनेशन पाना असतो, बरेच जण ज्याला गिअर पाना म्हणतात, तो घेताना ब्रँड कसा ठरवायचा ते बघू. नावावरून यातलं अर्धंच कळतं. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांत जेवढा फरक असतो, तेवढा कधी कधी दोन कंपन्यांत नसतो. म्हणून पाना हातात घेऊन तपासलेला बरा.

आधी हिशोब समजून घ्या. साध्या बारा कोनी रिंग पान्याला पुढची पकड मिळायला ३० अंश फिरावं लागतं. हँडल २०० मिमी लांब धरलं तर टोकाला साधारण १०५ मिमी जागा लागते. रॅचेटच्या रिंगमध्ये दातांचं चाक असतं; ७२ दातांच्या चाकाला ५ अंश पुरतात, म्हणजे टोकाला जेमतेम साडेसतरा मिमी. ९० दातांना ४ अंश म्हणजे १४ मिमी, १२० दातांना ३ अंश म्हणजे साडेदहा मिमी. अल्टरनेटर आणि चॅसीच्या फटीत किंवा यंत्रमागाच्या पोटात हात घातल्यावर १०५ मिमी मिळत नाहीत, साडेसतरा मिळतात. रॅचेटची खरी किंमत एवढीच. ७२ वरून १२० वर गेल्याने वाचतात ते आणखी सातच मिमी, आणि त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे की नाही हे कामावर ठरतं. रोजच्या गॅरेजला ७२ दात पुरेसे आहेत.

माप आधी, ब्रँड नंतर

८ ते १९ मिमीचा बारा नगांचा सेट दिसायला छान, पण त्यातले ९, ११, १५, १६, १८ बहुतेकांच्या पेटीत नव्यासारखेच पडून राहतात. दुचाकी आणि जपानी घडणीच्या गाड्यांवर १०, १२, १४, १७ चालतात, कारण तिथे एम ८ ला (म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टला) १२ चं आणि एम १० ला १४ चं डोकं असतं. ट्रक आणि साधं फॅब्रिकेशन म्हटलं की एम ८ ला १३, एम १० ला १७, एम १२ ला १९. नव्या युरोपीय गाड्यांवर एम १० ला १६ आणि एम १२ ला १८ सापडतं. तेवढ्यासाठी ते दोन नग सुटे घ्या. सेटच्या पैशांत चांगल्या ब्रँडचे चार-पाच सुटे पाने येत असतील तर सुटेच घ्या.

ऊस हंगामात ट्रॅक्टर सांभाळणाऱ्यांनी आणि जुन्या मागांवर काम करणाऱ्या जॉबरांनी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यांनी, एक गोष्ट आधी बघावी: बोल्ट मिमीचा आहे की इंची? जुन्या मॅसी फर्ग्युसनवर इंची डोकी भरपूर आहेत. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी. त्यावर १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा ढिला बसतो. तो ढिला पाना जोर लावून फिरवला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. ३/४ इंचावर, म्हणजे १९.०५ मिमीवर, १९ चा कसाबसा चालतो, १/२ इंचावर १३ चा खेळतो. इंची काम असेल तर इंची रॅचेटच घ्या, अडजस्ट करू नका.

दुकानात काय काय तपासायचं

सोबत न्यायचं सामान थोडंच: १०, १३ आणि १७ च्या डोक्याचे नवे बोल्ट, त्यांचे नट, एक रंग चढलेला जुना बोल्ट, सहा इंची पट्टी आणि जमलं तर व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेण्याचं साधन. दुकानात व्हाइस (बोल्ट घट्ट धरणारा शिकंजा) असेल तर सोनं, नसेल तर बोल्ट हातात धरूनही बरंच कळतं.

पहिली तपासणी बसण्याची. एम ८ चं १३ चं डोकं नियमाप्रमाणे १२.७३ ते १३.०० मिमीच्या दरम्यान असतं, त्यामुळे थोडा खेळ सगळ्याच पान्यांत असणार. रिंग डोक्यावर चढवून डावी-उजवी हलवा. खेळ हाताला जाणवला तर चालेल, डोळ्याला दिसायला लागला तर तो नग परत द्या. मग रंग चढलेल्या बोल्टवर तीच रिंग चढवून बघा. फार चपखल पाना तिथे अडतो, आणि गॅरेजमध्ये येणारे अर्धे बोल्ट तसेच असतात. रिंगच्या आत डोकावून बघा: कोन टोकदार व्ही आकाराचे आहेत की टोकाजवळ गोलाई देऊन जोर बोल्टच्या सपाट बाजूवर घेतला आहे? दुसरा प्रकार झिजलेल्या डोक्यावर खूप सरस चालतो. सहा कोनी रिंग मिळाली तर गंजक्या कामासाठी तीच.

दुसरी तपासणी छापील दातांची. बोल्ट व्हाइसमध्ये घट्ट धरा, रिंग चढवा, हँडलचं टोक पट्टीशेजारी आणा. आता पुढे दाबून हँडल जोर घेतं ती जागा पट्टीवर बघा, मग मागे घ्या आणि पहिली कटक् वाजेपर्यंत टोक किती सरकलं ते मोजा. ७२ दातांच्या २०० मिमीच्या पान्यात साडेसतरा मिमीच्या जवळपास यायला हवं. तीस-पस्तीस आले तर बॉक्सवर काहीही छापलेलं असो, तुमच्या हाताला तो ३६ दातांचाच आहे. आतली जागा सैल असली की असं होतं. हँडलची लांबी वेगळी असेल तर त्याच प्रमाणात आकडा कमी-जास्त धरा.

तिसरी तपासणी कुणी करत नाही, आणि ब्रँडमधला फरक सगळ्यात स्वच्छ तिथेच दिसतो. बोल्टला तेलाचं बोट लावा, त्यावर नट हाताने सहज फिरेल असा चार आटे चढवा. रिंग नटवर ठेवून पाना पुढे-मागे हलवा. मागे येताना नटही सोबत मागे येतो का? येत असेल तर त्या रॅचेटचं ओढणं जास्त आहे. सैल नट फिरवायचा असतो तेव्हा असला पाना नुसता जागच्या जागी कटकट करत राहतो, नट एक आटाही पुढे जात नाही, आणि शेवटी दुसऱ्या हाताचं बोट घालून नट धरावा लागतो. त्या फटीत दुसरा हात जात असता तर रॅचेट घेतलाच कशाला असता? दात जास्त पण स्प्रिंग कडक अशा पान्यांत हा दोष हमखास दिसतो. मागे फिरताना आवाज बारीक आणि एकसारखा असावा, खडखडाट नको.

मग जोराची तपासणी. रिंगवर खडूने चार खुणा करा आणि एकेका खुणेला बोल्ट व्हाइसमध्ये ठेवून हाताच्या ताकदीने दाबा. दात सटकला तर तिथेच सोडा. सगळीकडे धरतो पण एका ठिकाणी "टक्" असा आवाज येऊन बसतो, असा पानाही घेऊ नका. पॉल, म्हणजे दातात अडकणारा छोटा तुकडा, तिथे अर्धाच बसतोय. आज आवाज करतो, उद्या बोटांची सालटी काढतो.

रिंगचा बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्निअरने मोजून दोन ब्रँड शेजारी ठेवा. रॅचेटचं डोकं साध्या रिंगपेक्षा मोठं असणारच, पण १० च्या मापात एक-दीड मिमीचा फरकही इंजिनाच्या फिनच्या (थंड करणाऱ्या पात्यांच्या) शेजारच्या बोल्टवर पाना जाईल की नाही हे ठरवतो. फिक्स तोंडाकडेही बघून घ्या. रॅचेट जिथे चालत नाही तिथे काम तेच करणार आहे.

कळ असलेला की सपाट

सपाट पान्यात दिशा बदलायची तर पाना उलटा करायचा. डोकं पातळ, भाग कमी, बिघाड कमी. कळ असलेल्याचं डोकं साधारण १५ अंशांत वाकवलेलं असतं, त्यामुळे हाताला जागा मिळते, पण कळ चॅसीला घासून नकळत फिरते.

सपाट पान्याचा एक फास मात्र लक्षात ठेवा. बोल्ट सैल होत बाहेर येतो, त्याचं डोकं समोरच्या पत्र्याला किंवा रेडिएटरच्या पंख्याला टेकतं आणि पाना मधे अडकतो. काढायला जागा नाही, आणि उलटा करायचा तर आधी काढावा लागतो. कळ असलेला असता तर दिशा बदलून बोल्ट दोन आटे आत घेता आला असता. म्हणून समोर आडोसा असेल तिथे कळवालाच वापरा, किंवा डोकं टेकायच्या आधी रॅचेट काढून फिक्स तोंडाने उरलेलं काम करा. मान वाकणारा, म्हणजे फ्लेक्स प्रकार, खोल जागी कामाचा आहे, पण सांध्यावर आडवा जोर पडला की पिन ढिली होते. पहिली खरेदी ती नसावी.

आता नावं

टपारिया नाशिकच्या सातपूरची कंपनी. साधे रिंग आणि फिक्स पाने, पक्कड यांत तिच्या मालावर विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि माल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रॅचेटच्या जोडीला साधा रिंग सेट लागतोच, तो असा देशी घ्या. स्टॅनलेचे सेट सहज मिळतात, मधल्या बजेटमध्ये तपासायला सुरुवात तिथून करावी. तैवानच्या मालात किंग टोनी हे नाव गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे, आणि किंमत व काम यांचा मेळ बघता तैवानचा माल रोजच्या धंद्याला सगळ्यात समजूतदार वाटतो.

गिअररेंच हा ब्रँड इतका पसरला की त्याचं नाव या पान्याचंच नाव होऊन बसलं. आता तो एपेक्स टूल ग्रुपकडे आहे. त्यांच्यात ७२ दात, ९० दात आणि एका फेरीत १२० ठिकाणी पकडणारी अशा वेगवेगळ्या मालिका आहेत, म्हणून विचारताना नुसतं नाव नको, मालिका सांगा. जर्मनीतल्या वेरा कंपनीच्या जोकरमध्ये रिंगला ८० दात आहेत, पण त्याची खरी करामत फिक्स तोंडात आहे: जबड्यात दाते असलेली पट्टी नट धरून ठेवते आणि ३० अंशांत पुन्हा पकड मिळते. गेडोरे, हाझेट आणि अमेरिकेचा स्नॅप-ऑन हे उत्तम आहेत यात वाद नाही. पण दुचाकीच्या गॅरेजला पूर्ण सेट घेण्याइतका तो खर्च वसूल होणं कठीण. घ्यायचाच तर रोज पन्नास वेळा हातात येणारा १० चा एकच नग चांगल्यातला घ्या.

पान्यावर "क्रोम व्हॅनेडियम" कोरलं आहे म्हणून भुलू नका, ते सगळेच कोरतात. नामांकित ब्रँडच्या नकलाही फिरतात. अक्षरं उथळ, कडा धारदार, मुलामा फुगलेला दिसला की सावध व्हा. आणि हमी विचारताना थेट विचारा: "शेठ, आतली रॅचेट गेली तर बदलून मिळेल का, का फक्त पाना मोडला तरच?" बहुतेक गोंधळ इथेच होतो. उत्तर बिलावर लिहून घ्या.

वापरताना

जाम बोल्टचा पहिला झटका रॅचेटने कधीच द्यायचा नाही. ८.८ दर्जाचा (ताकदीचा हा दर्जा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो) एम ८ साधारण २५ न्यूटन मीटरवर कसतात, एम १० सुमारे ४९ वर. तेवढं चांगला रॅचेट सोसतो. पण गंजलेल्या बोल्टवर दोन फुटी पाइप चढवून ३० किलोचा जोर लावला की १८० न्यूटन मीटरच्या आसपास जातं, आणि ते सगळं दोन-चार बारीक दातांवर येतं. गंजरोधक तेल मारून थांबा, साध्या रिंगने सैल करा, मग रॅचेटने पळवा. शेवटचं कसणं टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून कसणाऱ्या पान्याने. हातोडी मारायची तर साध्या पान्यावर मारा.

सोलापुरात रॅचेटचा खरा शत्रू धूळ आहे, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या मागांवर रुई. रुई तेलात मिसळली की नमदा तयार होतो आणि पॉल दातात पूर्ण उतरत नाही. मग पाना जोरात असताना सटकतो आणि दोष कंपनीला जातो. आठवड्यातून एकदा रिंग रॉकेलमध्ये बुडवून फिरवा, फडक्याने कोरडी करा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. जाड ग्रीस भरू नका. त्याने पॉल सुस्त होतो आणि धूळ जास्त चिकटते.

इतकं करूनही सटकत असेल तर उघडून बघा. रिंगच्या कडेची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढली की दातांचं चाक बाहेर येतं, पण मागोमाग पॉल आणि तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग उडते. हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा, स्प्रिंग पिशवीतच राहते. चाकाचे दात टोकाला गोल झाले असतील तर पाना रॅचेट म्हणून संपला. दात ठीक असून पॉलची एक कड झिजली असेल तर तो तुकडा आणि स्प्रिंग सुटी मिळते का ते बिल घेऊन दुकानात विचारा. लावताना पॉलची दिशा चुकली तर पाना दोन्हीकडे मोकळा फिरतो, म्हणून उघडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.