चेहऱ्यावरील वांगाचे डाग: उपचार करताना या चुका टाळा

दोन्ही गालांच्या उंचवट्यावर, कपाळावर आणि वरच्या ओठावर सारखेच उमटणारे तपकिरी डाग म्हणजे बहुधा वांग. ते दिसू लागले की कोल्हापुरात पहिली धाव मेडिकल दुकानाकडे घेतली जाते, आणि सर्वांत महागात पडणारी चूक तिथेच होते. माझ्या वहिनींना एका दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय डाग घालवणाऱ्या मलमाची ट्यूब मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून त्यांनी ती वर्षभर लावली. बंद केल्यावर आठवडाभरातच गाल लालबुंद झाले, बारीक पुरळ उठले, आणि डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परतले.

अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन व त्वचेच्या पेशी लवकर बदलणारे ट्रेटिनॉइन यांच्या जोडीला मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरण्याचे हे औषध महिनोन्‌महिने लावले, तर त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि ओठांभोवती लव वाढते. ट्यूबवरील बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव आढळले, तर ती स्वतःच्या मनाने सुरू करू नये. बरेच महिने लावून झाली असेल, तर ती कशी थांबवायची हेही त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयातही त्वचारोग विभाग असतो. नुसते हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षे लावल्यास कधी कधी त्वचेवर निळसर-काळी छटा चढते, आणि ती घालवणे वांगापेक्षाही अवघड असते. गरोदरपणी तर ट्रेटिनॉइन व हायड्रोक्विनोन दोन्ही टाळतात. त्या काळात डॉक्टर ॲझेलेइक ॲसिडचा पर्याय देऊ शकतात.

औषध बरोबर असूनही डाग हटत नसतील, तर उन्हाचा हिशेब तपासावा. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधला की काम झाले असे समजले जाते. पण राजारामपुरीतून शिवाजी विद्यापीठापर्यंत जाईतो तो नाकाखाली घसरतो आणि नेमकी गालाची हाडे उघडी पडतात. सनस्क्रीन हरभऱ्याएवढे लावून भागत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर दोन रेघा, इतके ते चेहरा व मान यांसाठी लागते, आणि बाहेर असल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. वांग दृश्य, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी. उष्णतेनेही भर पडू शकते. गुऱ्हाळात चुलवाणाच्या धगीपुढे किंवा दिवसभर शेगडीशी राबणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट चेहऱ्यापासून दूर ठेवावेत, कारण जळजळीनंतर सावळ्या त्वचेवर नवा काळा डाग उरतो. दुधाची साय निरुपद्रवी आहे, पण ती कोरड्या त्वचेसाठी. वांग तिने जात नाही.

आणखी एक गफलत निदानाची. टिकलीच्या जागीच काळपटपणा असेल, तर टिकलीच्या गोंदाची ॲलर्जी असू शकते. केसांना रंग लावल्यानंतर कपाळाच्या कडेला डाग पडले, तर संशय रंगावर घ्यावा. मानेवर व काखेत जाडसर, मखमलीसारखा काळपटपणा असेल, तर मलमाआधी वजन आणि रक्तातील साखर तपासावी. तो मळ समजून दगडाने घासणारे अनेक जण मी पाहिले आहेत.